काशीनाथकाकांचा बुधवार

आमच्या केंद्रात एक ससा आहे, त्याचं नाव ब्रह्मचारी. नसबंदी केलेला नर. त्याला काम एकच, माद्यांवर चढायचं आणि कुणाला काही होऊ द्यायचं नाही. नाव आमच्या मदतनिसानं, कुशलनं ठेवलं. बनारसमध्ये हे नाव लावून असली कामं करणारा हा काही पहिला नव्हे, असं त्याचं म्हणणं.

हसू नका, यामागं शास्त्र आहे. सशाच्या मादीला तारीख-बिरीख नसते. नर अंगावर आला की तिच्या पोटात बीज सुटतं आणि पोट बाळंतपणाच्या तयारीला लागतं. नर खोटा असला तरी पोट फसतं आणि रिकामं घर सजवून बसतं. त्या सजवलेल्या घरात आम्ही दुसऱ्याची पोरं नेऊन ठेवतो. नर नको असेल तर सुई देऊनही तेच काम होतं. मी हेच करते. डॉक्टर निवेदिता, जनावरांची डॉक्टर. मूळची कऱ्हाडची, नोकरीपायी बनारसला आले त्याला अकरा वर्षं झाली. आमचं ससे-पैदास केंद्र सारनाथच्या रस्त्यावर आहे. माझा आवाज मोठा आहे आणि राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे आत्ताच सांगून टाकते, कारण पुढच्या भानगडीत निम्मा वाटा त्याचा आहे.

काशीनाथकाका आमच्याकडे ससे सांभाळायला. ब्रह्माघाटावरच्या मराठी वैदिकांच्या घरातले. वडिलांनी पाठशाळेत घातलं, पण यांच्या डोक्यात काही टिकेना. वडील वैतागून म्हणाले, ‘हा जनावरांत जायचा.’ आणि तसंच झालं. काका जनावरांतच लागले, तेही पेन्शनीच्या नोकरीत. घरचं एवढं मात्र अंगात राहिलं की रोज तीनला उठायचं, गंगेत बुडी मारायची, जानेवारीच्या थंडीतसुद्धा, आणि सायकल हाणत चारच्या ठोक्याला केंद्रावर हजर व्हायचं.

काकांचा जीव होता सातवाल्यांवर. ही आमच्या केंद्रात तयार झालेली सशांची जात, कागदावर ‘वाण क्रमांक सात’. पांढरेशुभ्र, लाल डोळ्यांचे. मे महिन्यात लू सुटली की बाकीचे ससे चारी पाय पसरून पडतात, सातवाले मात्र त्याही उकाड्यात पोरं घालायचे. एकोणीस वर्षं काकांनी त्यांना दाणा घातला. दोन वर्षांपूर्वी साथ आली आणि आठ दिवसांत त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सातवाले नाका-तोंडातून रक्त येऊन मेले. खड्डा काकांनीच खणला, चुना त्यांनीच टाकला, आणि नंतर तीन दिवस अळणी जेवले. मी विचारलं, ‘काका, सशांचं कुठे सुतक असतं?’ तर म्हणाले, ‘बाई, असतं का नाही ते पाठशाळेत विचारा. मी तिथे फेल झालोय.’

त्यानंतर मी फाटकावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली: ‘नोकरीवर नसलेल्या माणसाला शेडमध्ये प्रवेश नाही. मग तो कुणीही असो.’ साथ माणसाच्या बुटातून येते. माझ्या नवऱ्यालासुद्धा मी फाटकावरून परत पाठवलेलं आहे.

सातवाल्यांचे उरले होते फक्त चौदा भ्रूण. साथीच्या आधी गोठवलेले, दोन बारीक स्ट्रॉमध्ये, लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत. काशीत मेलं की सुटलं, असं अख्खं जग म्हणतं. आम्ही मात्र जन्माला निघालेल्या चौदा जणांना उणे एकशे शहाण्णव अंशांवर ताटकळत ठेवलं होतं. आज करू, उद्या करू म्हणत दोन वर्षं गेली. खरं सांगायचं तर मी घाबरत होते. एकदा वितळवले की ते परत गोठवता येत नाहीत. बिनसलं तर सातवाले कायमचे संपले.

डिसेंबरमध्ये काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले.

‘बाई, एकतीस जानेवारीला मी रिटायर. जायच्या आधी एकदा सातवाले बघू द्या. शाल-नारळ दिला नाही तरी चालेल.’

आता याला नाही कसं म्हणणार? मी दिवस ठरवला. तरुण चार माद्या निवडल्या. सुई दिल्यापासून साठ तासांनी मादीचं पोट भ्रूण घ्यायला तयार होतं. दोन-चार तास इकडेतिकडे चालतात, दिवस चुकला तर खेळ खलास. शुक्रवारी दुपारी साडेचारला भ्रूण ठेवायचे, तर सुई बुधवारी पहाटे साडेचारला पडायला हवी. सुया द्यायचं आणि रजिस्टर लिहायचं काम एरवी कुशलचं. पण हा बहाद्दर नवीन वर्ष साजरं करायला मित्रांबरोबर नैनितालला निघालेला. राहिले काका, ते तर चारला हजर असतातच. मी त्यांना सुई शिकवली, मादी कशी धरायची ते त्यांनी उलट मला शिकवलं.

‘बुधवारी पहाटे साडेचार. चार माद्या, चार सुया. आणि रजिस्टरमध्ये नोंद. लक्षात राहील?’

‘बाई, वेद विसरलो, सुई नाही विसरणार.’

बुधवार म्हणजे एक जानेवारी. सकाळी नऊला मी पोचले तर शेडमध्ये वेगळंच रामायण. चौकीदार नवं साल साजरं करून आलेला. पहाटे चारच्या आधी त्याला ब्रह्मचाऱ्याची दया आली. बिचारा एकटा, म्हणून त्याला बाहेर काढून गाजर खाऊ घातलं, आणि परत ठेवताना पिंजरा चुकला. ठेवला कुठे, तर बकुळच्या पिंजऱ्यात. बकुळ म्हणजे आमची काळी मादी. साडेतीन वर्षांची, सगळ्यांना चावून झालेली, काढून टाकायच्या यादीत पहिली. काका आले तोवर तिथलं कार्य उरकलेलं होतं.

चौकीदार ड्यूटी संपवून सटकला होता, म्हणून माझा सगळा तोफखाना काकांवर फिरला. ऐन कामाच्या आठवड्यात नर मोकळा सुटतो म्हणजे काय? आज बकुळ, उद्या माझ्या निवडलेल्या माद्यांत शिरला असता तर?

‘डोळे फुटले होते का सगळ्यांचे? महिना राहिलाय तुमचा, तेवढं तरी नीट करा! का आत्तापासूनच पेन्शन खायला लागलात?’

काका मान खाली घालून उभे. मग हळूच म्हणाले, ‘बाई, एक विचारायचं होतं, त्या सुईचं...’

‘काही विचारू नका! सांगितलंय तेवढं करा!’

आणि मी पाय आपटत ऑफिसात गेले.

गुरुवारी सकाळी राग उतरला होता. येता येता मी विचारलं, ‘काका, सुया झाल्या ना?’

‘झाल्या बाई. बुधवारी पहाटे, बरोब्बर साडेचारला. चौघींना.’

‘शाब्बास,’ मी म्हटलं.

शुक्रवारी कुशल हजर झाला, नैनितालची सर्दी घेऊन. पाच वाजता वीज जाणार अशी सूचना आलेली. नियम असा, की आधी दुर्बीण घालून मादीचं पोट तपासायचं आणि मग स्ट्रॉ वितळवायच्या. विजेच्या धास्तीनं मी उलटं केलं. पावणेचारला दोन्ही स्ट्रॉ टाकीतून काढून कोमट पाण्यात सोडल्या. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं, चौदांपैकी बारा टवटवीत. तुतीच्या फळासारखे गोल, दाणेदार. काकांना बोलावून दाखवले. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ बघितलं.

‘हे सातवाले?’

‘हे सातवाले.’

‘अरे वा,’ ते म्हणाले, आणि उगाचच आपली टोपी सारखी केली.

मी सुईची वेळ टिपून घ्यायला रजिस्टर उघडलं. काकांचं अक्षर मोत्यासारखं, पाठशाळेतलं. दोन नोंदी होत्या. खालची: ‘बुधवार, पहाटे ४.३०. चार माद्यांस सुई दिली.’ वरची: ‘मंगळवार, पहाटे ४.१५. ब्रह्मचारी बकुळच्या पिंजऱ्यात सापडला. कार्य झाले.’

मला आधी हसू आलं. मग थांबले. मंगळवार? ब्रह्मचाऱ्याचा तमाशा बुधवारचा. एक जानेवारीचा. त्या दिवशी मी केवढ्यांदा ओरडले होते, अख्ख्या केंद्राला आठवत होतं.

‘काका, वार चुकला. बकुळचा प्रकार बुधवारी पहाटे झाला.’

‘नाही बाई. तेव्हा मंगळवारच होता. सूर्य कुठे उगवला होता?’

मी बोट त्या नोंदीवरच ठेवलं.

‘सूर्य?’

‘सूर्य उगवल्याशिवाय वार कसा बदलेल?’ काकांनी मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. ‘आमच्याकडे घरी सगळे असंच धरतात. पहाट ही आदल्या दिवसाची. पंचांगात बघा.’

‘म्हणजे तुम्ही सुया कधी दिल्या? नीट सांगा. माझ्याशी गुरुवारी सकाळी बोललात, त्याच्या किती आधी?’

‘त्याच पहाटे. बुधवार संपायच्या आत.’

साठ तास पाहिजे होते, झाले होते छत्तीस. चारही माद्यांची पोटं कच्ची. आणि बारा सातवाले टेबलावर वितळून पडलेले, तास-दीड तासाचे सोबती.

‘मॅडम, ये तो गया,’ कुशल म्हणाला.

तोवर काकांना समजलं होतं. ते भिंतीजवळच्या दाण्याच्या पोत्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. ‘त्या दिवशी मी हेच विचारायला आलो होतो,’ ते म्हणाले. ‘बुधवारची पहाट म्हणजे नक्की कुठली ते. तुमचं-आमचं एकच आहे ना, ते. पण तुम्ही रागात होता. मग म्हटलं, काय विचारायचं, आपल्याला काय वार कळत नाहीत?’ मग म्हणाले, ‘मागच्या वेळी मी पुरले होते बाई. या वेळी मारलेपण मीच.’

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं. ओरडणार कुणावर? त्या बुधवारी मी अर्धं मिनिट गप्प बसले असते तर पुरलं असतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की रजिस्टरमधून मान वर काढवेना. म्हणून तीच पानं पुन्हा वाचत बसले. मंगळवार, पहाटे सव्वाचार. कार्य झाले. काकांचा मंगळवार म्हणजे माझा बुधवार. बुधवार पहाटे सव्वाचार ते गुरुवार पहाटे, चोवीस. शुक्रवार पहाटे, अठ्ठेचाळीस. शुक्रवार दुपारी सव्वाचार...

मी घड्याळ बघितलं. चार वाजून पाच मिनिटं.

‘अरे मेल्या ब्रह्मचाऱ्या!’ मी किंचाळले. ‘काका, उठा! बकुळला आणा!’

‘बकुळला?’

‘नवसाचा नवरा मिळालाय तिला! साठ तास होतायत, पळा!’

काका साठीला टेकलेले, पण असे पळाले की टोपी पोत्यापाशीच राहिली. बकुळ जाता जाता कुशलला चावली. मी भूल दिली, दुर्बीण आत घातली, आणि खरोखर, बीज सुटल्याच्या ताज्या खुणा दोन्ही बाजूंना. घर झाडून-पुसून तयार. सहा भ्रूण डावीकडच्या नळीत, सहा उजवीकडच्या. शेवटचा टाका घातला आणि दहा मिनिटांत वीज गेली.

अंधारात मी म्हटलं, ‘काका, चूक माझी होती. माझं तोंड फार वाईट आहे.’

‘तोंडाचं काही नाही बाई,’ अंधारातून उत्तर आलं, ‘पुढच्या वेळी तारीख सांगा.’

‘तारीख तरी तुमची कधी बदलते?’

‘तीपण सूर्यावरच,’ काका म्हणाले.

पुढे काढायला आला सगळ्यात लांबलचक महिना. दोन आठवड्यांनी मी बकुळचं पोट चाचपलं, तर द्राक्षाएवढ्या गाठी हाताला लागल्या. काकांनी पेढे आणले. कुशलनं मात्र पेढा तोंडात टाकता टाकता काडी घातली, ‘मॅडम, ब्रह्मचारी की नसबंदी पक्की है ना?’

मी त्याला झापलं. ऑपरेशन मी स्वतः केलेलं. पण नसबंदी उलटल्याची उदाहरणं मला काय माहीत नव्हती? त्यानंतर मला झोप लागेना. बकुळ काळी कुळकुळीत, ब्रह्मचारी करडा. पोरं त्याची असतील तर जन्मताच कातडी काळपट दिसणार. गुलाबी निघाली तर सातवाले. काका रोज बकुळच्या पिंजऱ्यापुढे उभं राहून तिला काहीतरी सांगायचे. एकदा ऐकलं तर म्हणत होते, ‘तूपण रिटायर, मीपण रिटायर. फक्त एकतीस तारखेच्या आत उरक, बाई.’

बकुळ कुणाचं ऐकते? एकतीस जानेवारी, शुक्रवार उजाडला. तिनं नुसतं गवत इकडचं तिकडे केलं. दुपारी काकांचा निरोपसमारंभ झाला. शाल दिली, नारळ दिला, वर एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ बघून मला आणि काकांना एकदमच हसू आलं, बाकी कुणाला काही कळलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ते सहा वाजेपर्यंत बकुळपाशी स्टुलावर बसून राहिले. मग उठले, चाव्या माझ्या हातात दिल्या.

‘झाली तर फोन करा. बाहेरून ऐकेन.’

मी ‘बरं’ म्हटलं. पाटी माझी, नियम माझा, त्रेचाळीस मेले त्यातून आलेला. थांबा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आणि ते सायकलवर घड्याळ बांधून गेले तेव्हा मी खूप रडले.

त्या रात्री मी केंद्रातच राहिले. पहाटे चारनंतर बकुळ पोटाचे केस उपटून गवतावर अंथरायला लागली. म्हणजे आता कुठल्याही क्षणी. मी फोन हातात घेतला तोच फाटकावर बोलणं ऐकू आलं.

‘काका, एक तारीख लग गई. मैडम का आर्डर है,’ चौकीदार सांगत होता.

मी बाहेर गेले. धुकं असं की दिव्याखालचंच तेवढं दिसत होतं. फाटकापलीकडे काका सायकल धरून उभे. केस ओले, अंगावर कालचीच शाल.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘सूर्य उगवलाय का?’

‘नाही.’

‘मग अजून शुक्रवार आहे. एकतीस तारीख. माझी ड्यूटी बाकी आहे.’ बोलले हसत, पण हँडल घट्ट धरलेलं.

मी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याच पाटीकडे. नोकरीवर नसलेल्या माणसाला प्रवेश नाही.

‘बाकी आहे तर उशीर का केलात?’ मी दरडावून म्हटलं. ‘चारला यायचं असतं ना? पाय धुवा औषधाच्या पाण्यात आणि या आत!’

पावणेपाचला बकुळ व्याली. पाच पिल्लं, त्यातलं एक मेलेलं. काकांनी हात धुतले, केसांचं अंथरूण बोटानं हळूच बाजूला केलं आणि मी बॅटरी धरली. चार पिल्लं वळवळत होती, चारही गुलाबी. अगदी लख्ख गुलाबी. बकुळनं काकांच्या अंगठ्याला चावा घेतला, त्यांनी हातसुद्धा मागं घेतला नाही.

‘आले,’ ते म्हणाले. ‘बाई, आले हो परत.’ आणि ओल्या शालीत तोंड खुपसून लहान मुलासारखे हुंदके द्यायला लागले.

मग डोळे पुसून रजिस्टर उघडलं, पेन उचललं आणि माझ्याकडे बघत थांबले.

‘वार कुठला लिहू?’

‘तुमचा.’

मोत्यासारख्या अक्षरात त्यांनी लिहिलं: ‘शुक्रवार, ३१ जानेवारी, पहाटे ४.४५. सातवाले, चार. हजर: काशीनाथ.’ खाली मी सही केली.

मग त्यांनी रोजच्यासारखा दाणा घातला, पाणी भरलं, पिंजऱ्यांखालची घाण ओढली. ब्रह्मचाऱ्याला एक जास्तीचं गाजर दिलं. पंचांगात सूर्य पावणेसातला उगवला असेल, आमच्याकडे धुक्यात काही दिसत नव्हतं. नऊ वाजता कुशल आला. काकांना झाडू मारताना बघून दारातच थबकला.

‘मॅडम, काका तो कल...’

‘गप्प बस,’ मी म्हटलं. ‘अजून शुक्रवार आहे.’